कॅमेरा दुकानात दिसतो, मग घरून का दिसत नाही? 'नॅट'चा घोळ आणि तो शोधायची सोपी पद्धत

दुकानात सीसीटीव्ही बसवला. दुकानातल्या वाय-फायवर मोबाईलमध्ये चित्र छान दिसतं. घरी येऊन तेच अ‍ॅप उघडलं की नुसतं गोल फिरत राहतं.

किंवा गेमिंग कन्सोल 'नॅट टाइप स्ट्रिक्ट' असं सांगतो आणि मित्रांच्या पार्टीत जाताच येत नाही. किंवा ऑफिसच्या इंटरनेट फोनवर आपला आवाज समोरच्याला जातो, पण त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटतात. पण त्यांचं मूळ अनेकदा एकाच ठिकाणी सापडतं. तुमच्या राउटरमध्ये किंवा फायरवॉलमध्ये पत्ता बदलण्याचं जे काम सतत चालू असतं, तिथे. त्यालाच 'नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन' किंवा थोडक्यात 'नॅट' म्हणतात.

अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला सल्ला येतो: "फायरवॉल बंद करून बघ." कधी कधी त्याने काम होतंही. पण मग ज्या दारातून तुम्हाला कॅमेरा दिसू लागतो, तेच दार इतरांसाठीही उघडं राहतं. त्यापेक्षा अडचण नेमकी कुठे आहे ते आधी शोधणं बरं. आणि त्याची सुरुवात दोन मिनिटांत होते.

नॅट म्हणजे नेमकं काय?

इंटरनेटवर प्रत्येक उपकरणाला पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. आजही मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या 'आयपीव्ही४' या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. जगाची लोकसंख्या आणि प्रत्येक घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप धरले तर हा आकडा केव्हाच अपुरा पडला आहे.

ही टंचाई १९९०च्या दशकातच दिसू लागली होती. मे १९९४मध्ये क्येल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी नॅटची कल्पना मांडणारा दस्तऐवज प्रसिद्ध केला. फेब्रुवारी १९९६मध्ये खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन गट कायमचे राखून ठेवण्याचा नियम पक्का झाला. ते असे:

- १०.०.०.० ते १०.२५५.२५५.२५५
- १७२.१६.०.० ते १७२.३१.२५५.२५५
- १९२.१६८.०.० ते १९२.१६८.२५५.२५५

हे पत्ते कुणीही आपल्या घरात किंवा ऑफिसात वापरू शकतो. म्हणूनच लाखो घरांमध्ये राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असाच असतो. पण हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. बाहेर जायचं तर सार्वजनिक पत्ता लागतो, आणि घराला तो फार तर एकच मिळतो.

हे सोसायटीच्या गेटसारखं आहे. आत ४० फ्लॅट आहेत, पण बाहेरच्या जगाला एकच गेट दिसतं. तुमच्या फोनने एखादी वेबसाइट मागितली की राउटर फोनचा आतला पत्ता काढून त्या जागी आपला सार्वजनिक पत्ता लावतो. सोबत एक क्रमांकही लावतो. त्याला पोर्ट म्हणतात. मग आपल्या वहीत नोंद करतो: 'या पोर्टवर उत्तर आलं तर ते अमुक फोनला द्यायचं.' उत्तर आलं की वही बघून ते बरोबर त्या फोनकडे जातं.

इथेच सगळी गोम आहे. आतून कुणी काही मागवलं असेल तर वहीत नोंद असते. पण बाहेरून कुणी आपणहून आलं, म्हणजे घरी बसून तुम्ही दुकानातल्या कॅमेऱ्याला हाक मारली, तर वहीत त्याची नोंदच नसते. कुणाकडे जायचं ते ठाऊक नसल्याने राउटर त्याला गेटवरूनच परत पाठवतो.

मग फायरवॉल वेगळी असते का?

हो. कामं दोन आहेत, फक्त ती एकाच डब्यात बसतात. नॅट पत्ता बदलतं. फायरवॉल परवानगी देते किंवा नाकारते. गेटवरचा एकच वॉचमन वहीही ठेवतो आणि कुणाला आत सोडायचं तेही ठरवतो, तसंच हे.

ही सांगड जुनी आहे. नेटवर्कवाल्यांच्या ओळखीची 'पिक्स' ही फायरवॉल मुळात पत्ते बदलण्याचं यंत्र म्हणूनच तयार झाली होती. ती बनवणारी कंपनी १९९५मध्ये सिस्कोने विकत घेतली.

बाहेरून आत येणारी जोडणी चालायची असेल तर दोन्ही गोष्टी लागतात: पत्ता कुठे वळवायचा याचा नियम आणि आत सोडण्याची परवानगी. घरगुती राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलं की परवानगी बहुतेकदा आपोआप मिळते. ऑफिसच्या फायरवॉलवर मात्र दोन्ही नियम अनेकदा वेगवेगळे लिहावे लागतात. एक लिहिला आणि दुसरा राहिला, ही तिथली नेहमीची चूक.

पहिली तपासणी: दोन पत्ते जुळवून बघा

काहीही बदलण्याआधी हे करा. मोबाईल किंवा लॅपटॉप ज्या वाय-फायवर अडचण आहे त्यालाच जोडा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा.

एक: ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याचं सेटिंग पान उघडा. पत्ता राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. टाइप करताना इंग्रजी अंक वापरा. आत 'वॅन' किंवा 'इंटरनेट स्टेटस' असा भाग असतो. तिथे दिसणारा आयपी पत्ता लिहून घ्या.

दोन: 'माझा आयपी पत्ता काय' असं इंग्रजीत सर्च करा. बाहेरच्या जगाला तुमचा कोणता पत्ता दिसतो ते कळेल. अपूर्णविरामांनी जोडलेला लांबलचक पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६ आहे. आपल्याला टिंबांनी जोडलेला चार आकड्यांचा आयपीव्ही४ पत्ता हवा आहे.

आता दोन्ही पत्ते शेजारी ठेवा.

- दोन्ही सारखे: सार्वजनिक पत्ता थेट तुमच्या राउटरवर येतोय. अडचण बहुधा तुमच्याच राउटरमध्ये किंवा उपकरणात आहे. पोर्ट फॉरवर्डिंग तपासा.
- राउटरवर १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता: तुमच्या राउटरच्या पुढे आणखी एक राउटर बसलाय. हे 'डबल नॅट' आहे.
- राउटरवर १००.६४ ते १००.१२७ यांमधला पत्ता: तुमच्या इंटरनेट कंपनीच्या पातळीवर आणखी एकदा पत्ता बदलला जातोय. याला 'कॅरियर ग्रेड नॅट' किंवा 'सीजीनॅट' म्हणतात.
- राउटरवर १०ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ने सुरू होणारा पत्ता: यांपैकी काहीही असू शकतं. घरात दुसरा राउटर नसेल तर सीजीनॅट समजा.

अनेकांचे तास इथेच वाया जातात. सीजीनॅट असताना घरच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही वेळा केलं तरी उपयोग नाही. बाहेरून आलेली जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही.

डबल नॅट असेल तर काय करायचं?

फायबर जोडणीसोबत कंपनी जो डबा देते, तो बऱ्याचदा स्वतःच राउटर असतो. आपण रेंज वाढावी म्हणून त्याला दुसरा वाय-फाय राउटर जोडतो. आता पत्ता दोनदा बदलतो. साधं ब्राउझिंग, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांना त्याने काही फरक पडत नाही. बाहेरून आत येणाऱ्या गोष्टी मात्र अडतात.

मार्ग दोन आहेत. पहिला: दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड'वर टाका. मग तो फक्त वाय-फाय पुरवतो, पत्ते बदलत नाही. बहुतेक घरांसाठी हाच सोपा उपाय आहे. दुसरा: कंपनीचा डबा 'ब्रिज मोड'वर टाकायला सांगा. मग सगळं काम तुमचा राउटर करेल. हे बऱ्याचदा कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं.

सीजीनॅट असेल तर?

जगातल्या मोकळ्या आयपीव्ही४ पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा साठाही शेवटच्या राखीव हिश्श्यापर्यंत आला. इंटरनेट कंपन्यांकडे ग्राहक जास्त आणि पत्ते कमी अशी अवस्था झाली. एप्रिल २०१२मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा गट खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. यात अनेक घरं मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात.

त्याचे परिणाम सोशल मीडिया वापरतानाही दिसतात. तुम्ही साताऱ्यात बसून लॉगिन करता आणि 'मुंबईतून नवीन लॉगिन' असा इशारा येतो. कारण तुमचा सार्वजनिक पत्ता कंपनीच्या मुंबईतल्या गेटवेचा असू शकतो. काही वेबसाइट पुन्हा पुन्हा 'तुम्ही रोबो नाही ना' असं विचारतात, कारण त्याच पत्त्यावरून इतर अनेक लोकही येत असतात. अर्थात, लॉगिनचा इशारा नेहमीच निरुपद्रवी असतो असं नाही. उपकरण आणि वेळ तुमचीच आहे ना, हे बघूनच तो सोडून द्या.

सीजीनॅटमधून बाहेर पडायचे मार्ग असे:

- कंपनीकडे सार्वजनिक किंवा स्टॅटिक आयपी मागा. अनेक कंपन्या वेगळं शुल्क घेऊन तो देतात. कस्टमर केअरला 'नेट चालत नाही' असं सांगू नका. 'माझ्या राउटरवर सीजीनॅटचा पत्ता येतोय, मला सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता हवा आहे' असं सांगा.
- कॅमेऱ्याच्या कंपनीची क्लाउड सेवा वापरा. यात कॅमेरा स्वतःच आतून बाहेर जोडणी करतो. वहीत नोंद आतूनच होत असल्याने नॅटची अडचण येत नाही. मात्र तुमचं चित्र त्या कंपनीच्या भरवशावर असतं, हे लक्षात ठेवा.
- खासगी व्हीपीएन जाळं वापरा. टेलस्केलसारख्या सेवा दोन्ही बाजूंनी आतून बाहेर जोडणी करून उपकरणांची गाठ घालून देतात. पोर्ट उघडावं लागत नाही.
- आयपीव्ही६ आहे का ते बघा. त्याबद्दल पुढे.

सार्वजनिक पत्ता आहे, तरी पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही

आता अडचण तुमच्या हद्दीत आहे. आतून बाहेर या क्रमाने तपासत जा.

१. उपकरण आतून चालतंय का? त्याच वाय-फायवरून कॅमेऱ्याचा किंवा डीव्हीआरचा आतला पत्ता आणि पोर्ट टाकून बघा. इथेच उघडत नसेल तर दोष नॅटचा नाही. सेवा बंद आहे, पोर्ट वेगळा आहे किंवा उपकरणाची स्वतःची फायरवॉल अडवतेय.

२. उपकरणाचा पत्ता बदललाय का? 'काल चालत होतं, आज बंद' याचं हे नेहमीचं कारण. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला आणि डीव्हीआरला १९२.१६८.१.२० ऐवजी १९२.१६८.१.२३ हा पत्ता मिळाला. नियम मात्र अजून जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवतोय. राउटरमध्ये 'अ‍ॅड्रेस रिझर्वेशन' करून उपकरणाचा पत्ता कायम करा.

३. उपकरणात गेटवे बरोबर भरलाय का? डीव्हीआरमध्ये हाताने पत्ता भरलेला असेल तर 'गेटवे' या रकान्यात राउटरचाच पत्ता हवा. तो चुकला तर आतून सगळं दिसतं. बाहेरून आलेली विनंतीही डीव्हीआरपर्यंत पोहोचते, पण उत्तर परत जायला वाट सापडत नाही.

४. टीसीपी की यूडीपी? हे डेटा नेण्याचे दोन प्रकार आहेत. उपकरणाला एक हवा आणि नियमात दुसरा निवडला, तर बाकी सगळं बरोबर असूनही चालणार नाही.

५. तपासणी खरंच बाहेरून करताय का? दुकानाच्याच वाय-फायवरून सार्वजनिक पत्ता टाकून बघणं ही फसवी चाचणी आहे. आतून निघालेली जोडणी बाहेरच्या पत्त्यावर जाऊन पुन्हा आत वळवावी लागते. याला 'हेअरपिन' किंवा 'नॅट लूपबॅक' म्हणतात. ते सगळ्या राउटरना जमत नाही. त्यामुळे नियम बरोबर असूनही आतून तो चुकीचा वाटतो. मोबाईलचं वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावरून तपासा.

६. सार्वजनिक पत्ताच बदललाय का? स्टॅटिक आयपी घेतला नसेल तर तो बदलू शकतो. 'डायनॅमिक डीएनएस' ही सेवा एका नावामागे चालू पत्ता ताजा ठेवते. नाव टाकलं की योग्य पत्ता मिळतो.

७. कंपनीने पोर्ट अडवलाय का? काही इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवर ठरावीक पोर्ट बंद ठेवतात. बाहेरचा पोर्ट क्रमांक बदलून बघा.

अपयशाचा प्रकारही बरंच सांगून जातो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं लगेच आलं तर तुमची हाक कुठेतरी पोहोचली, पण तिथे ऐकणारं कुणी नाही किंवा कुणीतरी स्पष्ट नकार दिला. बराच वेळ थांबून 'टाइम आउट' आलं तर हाक वाटेतच गडप झाली. हे फायरवॉल, सीजीनॅट किंवा चुकीच्या पत्त्याचं लक्षण असू शकतं.

आणि एक: पोर्ट तपासणाऱ्या वेबसाइट साधारणपणे टीसीपी तपासतात. त्यांच्यावर 'क्लोज्ड' दिसलं म्हणजे यूडीपीचा नियम चुकलाय असं होत नाही. शिवाय उपकरण बंद असेल तर नियम बरोबर असूनही 'क्लोज्ड'च दिसतं.

गेम आणि कॉलची अडचण वेगळी का असते?

अनेक ऑनलाइन गेममध्ये आणि व्हिडिओ कॉलमध्ये दोन्ही बाजूंची उपकरणं थेट एकमेकांशी बोलायचा प्रयत्न करतात. दोघंही नॅटच्या मागे असतील तर आधी बाहेरचा एक सर्व्हर दोघांना त्यांचे बाहेर दिसणारे पत्ते सांगतो. मग दोघं एकाच वेळी एकमेकांना हाक मारतात. दोन्ही वह्यांमध्ये आतून नोंद होते आणि वाट मोकळी होते.

पण काही नॅट प्रत्येक नव्या ठिकाणासाठी नवा पोर्ट वापरतात. मग सर्व्हरने सांगितलेला पत्ता दुसऱ्यासाठी निरुपयोगी ठरतो. गेमच्या भाषेत हेच 'स्ट्रिक्ट'. एक्सबॉक्स 'ओपन', 'मॉडरेट', 'स्ट्रिक्ट' असे प्रकार दाखवतो, तर प्लेस्टेशन 'टाइप १', 'टाइप २', 'टाइप ३' असे. घरच्या राउटरमागे 'टाइप २' मिळाला तर बहुतेक वेळा पुरेसं असतं. 'टाइप ३' आला तर आधी वरची दोन पत्त्यांची तपासणी करा.

राउटरमधल्या 'यूपीएनपी' सुविधेने गेमचं काम सोपं होतं, कारण कन्सोल स्वतःच हवा तो पोर्ट उघडून घेतो. पण हीच सुविधा घरातलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता वापरू शकतं. म्हणून कन्सोलपुरता हाताने नियम करणं अधिक सुरक्षित.

इंटरनेट फोनवर एकाच बाजूने आवाज येण्याचं कारण आणखी वेगळं आहे. या फोनच्या संदेशाच्या आतच 'मला या पत्त्यावर आवाज पाठवा' असं लिहिलेलं असतं. नॅट पाकिटावरचा पत्ता बदलतं, पण आतल्या चिठ्ठीवर आतलाच पत्ता राहतो. समोरचा त्या पत्त्यावर आवाज पाठवतो आणि तो कुठेच पोहोचत नाही. हे सुधारायला राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' ही सोय असते. पण ती बऱ्याचदा आतली चिठ्ठी भलतीच बदलून ठेवते. त्यामुळे असा त्रास असेल तर ती बंद करून बघणं हा पहिला उपाय मानला जातो.

थोड्या वेळाने जोडणी आपोआप तुटते

राउटरची वही अमर्याद नसते. बराच वेळ हालचाल नसेल तर तो नोंद खोडून टाकतो. यूडीपीची नोंद किमान २ मिनिटं आणि चालू टीसीपी जोडणीची नोंद किमान २ तास ४ मिनिटं टिकावी, असं इंटरनेटच्या मानकांत म्हटलं आहे. प्रत्यक्षात बरेच डबे याहून लवकर नोंद खोडतात.

म्हणून ऑफिसचं व्हीपीएन किंवा दूरचा डेस्कटॉप चहा पिऊन येईपर्यंत गोठलेला दिसतो. उपाय म्हणजे 'कीप अलाइव्ह', म्हणजे ठरावीक वेळाने छोटासा संदेश पाठवून नोंद जिवंत ठेवणं. वायरगार्ड या व्हीपीएनच्या मार्गदर्शनात यासाठी २५ सेकंदांचं अंतर सुचवलं आहे.

छोट्या ऑफिसच्या फायरवॉलवर काय बघायचं?

इथे तंत्रज्ञाची मदत लागेलच. पण त्याच्याशी बोलताना हे मुद्दे माहीत असलेले बरे.

नियमात कोणता पत्ता लिहायचा, आतला की बाहेरचा? यात अनुभवी माणसंही गडबडतात, कारण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे. सिस्कोच्या एएसए फायरवॉलमध्ये ८.३ आवृत्तीपासून परवानगीच्या नियमात उपकरणाचा खरा, म्हणजे आतला पत्ता लिहावा लागतो. त्याआधी बाहेरचा लिहावा लागायचा. पालो अल्टोच्या फायरवॉलमध्ये पत्ता बदलण्याआधीचा, पण झोन बदलानंतरचा लिहितात. लिनक्समध्ये आधी पत्ता बदलतो आणि मग परवानगी तपासली जाते, त्यामुळे तिथे आतला पत्ता. जुन्या फायरवॉलवरचे नियम नव्यावर जसेच्या तसे उतरवले की काम अडतं ते यामुळे.

नियमांचा क्रम. अनेक फायरवॉल वरून खाली वाचत जातात आणि पहिला जुळणारा नियम लावतात. वर एखादा ढोबळ नियम असेल तर खालच्या नेमक्या नियमाची पाळीच येत नाही. नियमासमोरचा 'हिट काउंट' शून्य असेल तर तो वापरलाच जात नाहीये.

व्हीपीएनची वाहतूक. दोन शाखांमधल्या व्हीपीएनमधून जाणाऱ्या वाहतुकीचा पत्ता साधारणपणे बदलायचा नसतो. तिच्यासाठी नॅटमधून सूट देणारा नियम लागतो, आणि तो वर लागतो. शिवाय दोन्ही शाखांत १९२.१६८.१ हीच मालिका असेल तर कोणता पत्ता कुठला हेच फायरवॉलला कळत नाही. एका शाखेची मालिका बदलणं हा त्यावरचा सरळ उपाय.

जुन्या नोंदी. नियम बदलला तरी आधीपासून चालू असलेल्या जोडण्या जुन्याच नोंदीवर चालत राहू शकतात. 'बदल करूनही फरक नाही' असं वाटलं तर त्या उपकरणापुरत्या नोंदी पुसून पुन्हा तपासा.

पोर्ट संपणं. एका सार्वजनिक पत्त्यामागे पोर्टची संख्या ६५ हजारांच्या आसपासच असते. ऑफिस मोठं असेल आणि गर्दीच्या वेळीच वेबसाइट उघडेनाशा होत असतील तर हाही संशय घ्यावा. एखादं व्हायरसने ग्रासलेलं यंत्र हजारो जोडण्या उघडत असेल तरी हेच घडतं.

शेवटी, सगळ्यात खात्रीचा पुरावा म्हणजे 'पॅकेट कॅप्चर'. फायरवॉलच्या बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही बाजूंना काय येतं-जातं ते टिपायचं. बाहेरच काही येत नसेल तर दोष पुढचा, इंटरनेट कंपनीकडचा. बाहेर येतं पण आत जात नाही, तर नियमाचा. आत जातं पण उत्तर परत येत नाही, तर उपकरणाचा किंवा परतीच्या वाटेचा. तंत्रज्ञ अंदाजाने नियम बदलत बसला असेल तर त्याला आधी हे करायला सांगा.

या चुका टाळा

ऑक्टोबर २०१६मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने ताब्यात घेतलेल्या उपकरणांनी 'डिन' या कंपनीवर हल्ला चढवला. २१ ऑक्टोबरला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. ती उपकरणं मोठ्या प्रमाणावर साधे इंटरनेट कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर होती. थेट इंटरनेटवर उघडी आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच. मालकांना पत्ताही नव्हता.

म्हणून:

- फायरवॉल पूर्ण बंद करू नका, तपासणीपुरतीही नाही.
- राउटरमधला 'डीएमझेड' पर्याय चालू करू नका. तो बाहेरून येणारं जवळपास सगळं एकाच उपकरणाकडे वळवतो.
- विंडोजचा रिमोट डेस्कटॉप किंवा डीव्हीआरचं लॉगिन पान थेट बाहेर उघडं ठेवण्याऐवजी व्हीपीएनमधून वापरा. नुसता पोर्ट क्रमांक बदलला की सुरक्षित झालं, हा गैरसमज आहे.
- पोर्ट उघडण्याआधी उपकरणाचा पासवर्ड बदला आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करा.
- चाचणीसाठी उघडलेले पोर्ट काम झाल्यावर बंद करा.

आयपीव्ही६ आलं की हे सगळं संपेल?

बऱ्याच अंशी. आयपीव्ही६मध्ये पत्ते इतके आहेत की प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. मग नॅटची गरजच उरत नाही. भारत या बाबतीत जगात आघाडीवर आहे. २०१६मध्ये जिओचं जाळं सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडे आयपीव्ही६चा वापर झपाट्याने वाढला.

पण नॅट गेलं म्हणून फायरवॉल गेली असं नाही. बाहेरून येणाऱ्याला परवानगी द्यायची की नाही हा प्रश्न तिथेही असतोच, आणि बरेच राउटर सुरुवातीला ती नाकारतात. कॅमेरा आयपीव्ही६वर बघायचा असेल तर नेमक्या त्या उपकरणाला, नेमक्या त्या पोर्टपुरती परवानगी द्यावी लागते. शिवाय कॅमेरा, राउटर आणि तुमचा मोबाईल, तिघांकडेही आयपीव्ही६ हवं.

तक्रार करण्याआधी हे लिहून ठेवा

कस्टमर केअर असो की ओळखीचा तंत्रज्ञ, फोन लावण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी टिपा: राउटरवर दिसणारा पत्ता, बाहेर दिसणारा पत्ता, उपकरणाचा आतला पत्ता आणि पोर्ट, मोबाईल डेटावरून तपासल्यावर नेमका कोणता संदेश येतो, आणि अडचण कधीपासून व कोणत्या बदलानंतर सुरू झाली.

हा कागद स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर मात्र टाकू नका. त्यावर तुमचा सार्वजनिक पत्ता आणि उघडा पोर्ट, दोन्ही असतात.